पाटीवरचं सोडा, कागदावरचं बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या कापड दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘मेन्स वेअर’ची अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वर लटकणारी ती शेपटी, भलत्याच जागी पडलेली असते. कुणीतरी फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि लोक निम्मा दिवस हसत बसतात. हसणारे बहुतेक इंग्रजी माध्यमात शिकलेले, निदान पोरांना तरी तिथं घातलेले. त्या दुकानात शिरणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाला आत कपडे पुरुषांचे मिळतात की बायकांचे, असा प्रश्न पडलेला नसतो. पाटीचं काम झालेलं असतं. अडलेलं असतं ते फक्त आपल्या तोऱ्याचं.

ज्यांची ही भाषा, त्यांच्या घरात तरी अपॉस्ट्रॉफीवर एकमत आहे का? बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर ती वापरणार नाही असं सांगून टाकलं. केंब्रिजनंही तोच रस्ता धरला होता, पण लोकांनी ओरड केल्यावर २०१४ मध्ये माघार घेतली. अमेरिकेत तर गावांच्या, डोंगरांच्या अधिकृत नावांतून ती गाळायची हे धोरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं आहे. तेव्हा आपल्या गल्लीतल्या पेंटरवर तोंडसुख घेण्यात फारसं शौर्य नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. पाटीवर हसणारा हाच माणूस भाड्याच्या इंग्रजी करारावर, बँकेच्या हमीपत्रावर, परदेशी ऑर्डरीच्या अटींवर डोळे मिटून सही करतो. तिथला स्वल्पविराम कुठं आहे आणि कुठं नाही हे त्यानं पाहिलेलंही नसतं. विरामचिन्हांबद्दलची आपली सगळी कडकशाई जिथं काही बिघडत नाही तिथं खर्च होते, आणि जिथं पैसा, जमीन, नोकरी पणाला लागते तिथं आपण ‘टायपिस्ट बघंल की’ म्हणून सोडून देतो.

कोल्हापुरात हा विषय आताच काढायला कारण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज इथं सुरू झालं. त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाजावर बहिष्कार टाकला. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला मुंबईची गाडी धरायला नको. पण उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीत चालतं. खालच्या कोर्टातला जबाब मराठीत, पंचनामा मराठीत, सातबारा आणि फेरफार मराठीत, आजोबांनी केलेलं वाटणीपत्र तर कधीकधी मोडीत. हे सगळं इंग्रजीत उतरल्याशिवाय वर जात नाही. पूर्वी हे काम बरंचसं मुंबईतल्या ऑफिसांत व्हायचं. आता ते सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या टेबलांवर आणि ज्युनियर वकिलांच्या लॅपटॉपवर आलं आहे.

मुद्दा अडतो तो इथं. मूळ मराठी कागदात जी चिन्हं नव्हती, नसली तरी चालत होती, ती इंग्रजीत नव्यानं घालावी लागतात. ती कुठं घालायची हे मराठी कागद सांगत नाही.

एक वाक्य घेऊ. ‘ज्या कामगारांची पाच वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांना बोनस मिळेल.’ यात शंकेला जागाच नाही. ‘ज्या’ आणि ‘त्यांना’ या जोडीनं कुणाला मिळणार आणि कुणाला नाही याची हद्द आखून दिली आहे. आता इंग्रजी: ‘द वर्कर्स हू हॅव कम्प्लीटेड फाइव्ह इयर्स विल गेट बोनस.’ अर्थ तोच, पाच वर्षं झालेल्यांनाच. पण टायपिस्टनं जरा वाचायला बरं म्हणून दोन स्वल्पविराम टाकले: ‘द वर्कर्स, हू हॅव कम्प्लीटेड फाइव्ह इयर्स, विल गेट बोनस.’ झालं. आता अर्थ असा की कामगार म्हणून जे कुणी आहेत त्या सगळ्यांना बोनस, आणि त्या सगळ्यांची पाच वर्षं झालीच आहेत, ही जाता जाता दिलेली माहिती. शब्द एकही बदलला नाही. दोन शेपट्यांनी कारखान्याच्या निम्म्या माणसांचा हिशोब फिरवला.

मराठीत हे काम विभक्ती करते, ‘जो–तो’ करतात, ‘की’ आणि ‘असं’ करतात, वाक्याच्या शेवटी बसलेलं क्रियापद करतं. ‘आहे’ आलं की वाक्य संपलं, हे पूर्णविराम नसला तरी कळतं. इंग्रजीनं विभक्त्या बऱ्याचशा टाकून दिल्या, त्यामुळे शब्दांचा क्रम आणि ही बारीक चिन्हं यांच्यावर तिचा भार आहे. म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसला की त्याच्या चुका ठरावीक जागी होतात. आपल्या अर्जाची घडण आठवा: ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की…’ इथून जे सुरू होतं ते ‘तरी’ला वळसा घालून थेट ‘कळावे’वरच थांबतं. मराठीत ते एक वाक्य खपून जातं. तेच इंग्रजीत नेलं की चार पूर्ण वाक्यं स्वल्पविरामानं एकमेकांना टाचलेली दिसतात, आणि वाचणाऱ्याला मागणी कोणती नि कारण कोणतं हे शोधावं लागतं.

याला खतपाणी घालतो तो शाळेतला नियम: श्वास घ्यायला थांबता तिथं स्वल्पविराम. हा नियम कुणा मास्तरांनी मनानं काढलेला नाही, फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिस नावाच्या पंडितानं मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्यांसाठी ओळीच्या खाली, मध्ये आणि वर असे तीन उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली. लहान थांबा, मधला थांबा, मोठा थांबा. तेव्हा बरंचसं वाचन मोठ्यानं व्हायचं, त्यामुळे श्वासाचा हिशोब बरोबरच होता. पुढं छपाई आली, मनातल्या मनात वाचणं रुळलं, आणि इंग्रजीत चिन्हं श्वासाकडून हळूहळू वाक्याच्या बांधणीकडे सरकली. आजच्या इंग्रजी करारातला स्वल्पविराम कुणी दमलं म्हणून तिथं बसलेला नसतो. आपण मात्र मुलांना अजून दमच मोजायला लावतो.

‘ही सगळी इंग्रजांची थेरं, आपल्याकडं असलं काही नव्हतं,’ असं म्हणणारेही भेटतात. अर्धं खरं आहे. मोडीत आधी शिरोरेषा ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, चिन्हं नाहीत. कोल्हापूरच्या पुरालेखागारातले दफ्तराचे कागद पाहिले तर डोळे गरगरतात. मराठीत आज आपण जी विरामचिन्हं वापरतो ती एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडींसारख्यांच्या हातून इंग्रजीवरून आली. हिंदीनं दंड, म्हणजे उभी रेघ, ठेवला, आपण टिंब घेतलं.

पण चिन्ह नव्हतं म्हणून जाणीव नव्हती असं नाही. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी वेगळी मुद्रा उठवलेली असते. मजकूर इथं संपला, याच्या खाली कुणी काही घुसडलं तर ते आमचं नाही, हा तिचा अर्थ. मोर्तबाचं काम तेच. आजही चेकवर ‘फक्त’ लिहितो आणि आकड्यापुढं तिरकी रेघ मारून आडवी ओढतो, त्यामागचा हिशोबही तोच. मजकुराची हद्द राखली पाहिजे, नाहीतर दुसरा कुणी ती सरकवतो, हे मराठी कारकुनाला पक्कं ठाऊक होतं. विरामचिन्हाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणं ही त्याच्या नंतरची, आपल्या काळातली आळशी समजूत आहे.

कोर्ट काय म्हणतं? इथं माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगतो. १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. के. मुखर्जी यांनी म्हटलं की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हं हा शेवटी गौण भाग आहे. वकील मंडळी हे वाक्य आवडीनं पुढं करतात. मात्र त्याच निकालात पुढं हेही आहे की कायदा काळजीपूर्वक चिन्हं घालून लिहिलेला असेल आणि अर्थाबद्दल शंका असेल, तर चिन्हांना वजन दिलं पाहिजे. आणि वेळ आली तेव्हा दिलं गेलं. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या २७ व्या कलमाचा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आला. कलमात विक्रीसाठी उत्पादन करणं आणि विकणं यांच्यानंतर स्वल्पविराम होता. ‘साठा करणं’ आणि ‘विक्रीसाठी मांडणं’ यांच्यामध्ये मात्र नव्हता. तेव्हा ‘विक्रीसाठी’ हे दोघांनाही लागू, म्हणजे नुसता साठा जवळ असणं हा या कलमाखाली गुन्हा नाही, असं न्यायालयानं ठरवलं. तिथं एक स्वल्पविराम जास्त असता तर घरात गोळ्यांचं खोकं ठेवणारा प्रत्येक जण त्या कलमात सापडला असता.

अमेरिकेतल्या मेन राज्यातली गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटावी, कारण ती दुधाची आहे. ओखर्स्ट डेअरीच्या डिलिव्हरी ट्रकवाल्यांनी ओव्हरटाइम मागितला. त्या राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती: डबाबंद करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं असं करत शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग ‘वाटप’ हे वेगळं काम, की वाटपासाठी केलेलं पॅकिंग एवढंच काम? ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं मजकूर संदिग्ध आहे असं म्हणून कौल ड्रायव्हरांकडं दिला, आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. मेनच्या विधिमंडळानं निकालानंतर त्या यादीत अर्धविराम घातले. रोज पहाटे दुधाचे टँकर मुंबई-पुण्याकडं सोडणाऱ्या जिल्ह्यानं ही गोष्ट नीट वाचावी.

यादीत ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावर इंग्रजी जाणकारांत हाणामारी होते. आपली पुस्तकं बहुधा ब्रिटिश वळणाची, म्हणून देत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की जे धरलं ते कागदभर धरा, आणि जिथं दोन अर्थ निघतील तिथं वळण गुंडाळून ठेवा आणि चिन्ह द्या. त्यानंही भागत नसेल तर वाक्य मोडून दोन करा. पूर्णविरामाला पैसे पडत नाहीत.

आता कोर्टातून कारखान्यांच्या उद्यमनगरात येतो, कारण टिंबाची किंमत या शहरात कुणाला खरी कळत असेल तर ती तिथल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या शेडमधल्या माणसाला. जर्मनीहून कास्टिंगचं ड्रॉइंग येतं. त्यावर माप असतं १२,५. आपल्या सवयीनं हा स्वल्पविराम, तिकडं तो दशांशचिन्ह. साडेबारा मिलिमीटर. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०,०५ म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, सरफेस फिनिश ३,२ म्हणजे तीन पूर्णांक दोन. त्याच गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीत नग लिहिलेले असतात १.२५०. तिथं टिंब हजार तोडायला वापरलं आहे, म्हणजे नग बाराशे पन्नास. नवीन लागलेला पोरगा वाचतो सव्वा. ‘सव्वा नग कसले?’ म्हणून तो विचारायला येतो हे नशीब, कारण नग सव्वा असू शकत नाहीत. तेच किलोत किंवा युरोत असलं की तो विचारत नाही. वर आपली स्वतःची पद्धत तिसरीच: १,२५,००० असं लाखात तोडायचं, तिकडच्या माणसाला ती टायपिंगची चूक वाटते. स्वित्झर्लंडवाले हजार तोडायला अपॉस्ट्रॉफी वापरतात. पाटीवर आपण जिला हसतो तीच ती.

संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर तर आणखी पुढची गंमत. काही कंट्रोलवर प्रोग्रॅममध्ये एक्स १० लिहून पुढं टिंब दिलं नाही, तर मशीन ते दहा मायक्रॉन धरतं. टिंब दिलं तर दहा मिलिमीटर. फरक हजारपट. जॉब जातो, कधी टूलही जातो. आयटीआय करून आलेला ऑपरेटर पहिल्या महिन्यातच हे शिकतो आणि पुन्हा विसरत नाही. तो इंग्रजी बोलताना अडखळत असेल, पण टिंबाच्या बाबतीत तो माझ्या ओळखीच्या बऱ्याच एम.ए. झालेल्यांपेक्षा काटेकोर आहे. कारण साधं आहे. त्याला टिंब परिणामासकट शिकवलं गेलं.

शाळेत ते परिणामाशिवाय शिकवतात. ‘पुढील वाक्यात योग्य विरामचिन्हे घाला’, मार्क एखाद-दोन, आणि वाक्य ठरलेलं: कुणीतरी ‘व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर’ म्हणतं. पोरगं उद्गारचिन्ह टाकतं, अवतरण टाकतं, मार्क घेतं आणि विसरतं. त्या फुलाचं पुढं काही होत नाही. त्याऐवजी नववी-दहावीच्या मुलांपुढं मघाचं बोनसचं वाक्य दोन्ही प्रकारे ठेवा आणि विचारा, तुमच्या वडलांना कोणतं परवडेल? पाचगावातलं पोरगंही बरोबर बोट ठेवेल. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, तिथल्या शाळांना कागद वाचायला शिकवणं अवघड वाटू नये. शिक्षण गोरगरिबांपर्यंत न्यायचं ते काही फुलाच्या वाक्यासाठी नव्हतं.

अवतरणचिन्हांचा एक घोळ जाता जाता सांगतो. आपल्याकडं जोर द्यायला ती वापरायची सवय आहे. फ्लेक्सवर ‘शुद्ध’ तूप, ‘घरगुती’ मसाला, नेत्याच्या वाढदिवसाला तीन-तीन उद्गारचिन्हं, ते सगळं चालू द्या, फ्लेक्सचं व्याकरण वेगळंच असतं. पण इंग्रजीत शब्दाला असं अवतरण दिलं की वाचणारा त्याचा अर्थ ‘म्हणे’ असा घेतो. शुद्ध म्हणे! याचिकेत आपल्याच अशिलाचा उल्लेख ‘वारस’ असा अवतरणात केला, तर आपणच त्याच्या वारसपणावर शंका घेतल्यासारखं दिसतं, आणि समोरचा वकील ते सोडत नाही.

‘आता हे सगळं मशीन करतं,’ हा शेवटचा आक्षेप. करतं, आणि बऱ्यापैकी करतं. टायपिस्टनं चिन्हाआधी सोडलेली जागा ते काढून टाकतं, वाक्य संपल्यावर पुढचं अक्षर मोठं करतं. पण बोनस सगळ्यांना द्यायचा आहे की पाच वर्षं झालेल्यांनाच, हे मशीनला ठाऊक नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, त्यामुळे लाल रेघ कुठल्याच खाली येत नाही. उलट सुबक दिसलेला कागद लोक कमी वाचतात, हा नवाच धोका.

जुने वकील इंग्रजी मजकूर सांगताना ‘कॉमा… फुलस्टॉप… न्यू पॅरा’ असं तोंडानं बोलत सांगायचे. स्टेनो तेच उतरवायचा. चिन्ह कुणाच्या जबाबदारीचं, हा प्रश्नच नव्हता, कारण ते वकिलाच्या तोंडून निघालेलं असायचं. आता जुन्या याचिकेची फाइल उघडायची, नावं बदलायची, परिच्छेद इकडचे तिकडं करायचे. दुसऱ्याच्या भांडणासाठी घातलेले स्वल्पविराम आपल्या पक्षकाराच्या कागदात तसेच येऊन बसतात. रात्री नऊ वाजता टायपिंगच्या टेबलावर शेवटचं पान निघत असतं, उद्या सकाळी फाइल करायचं असतं, आणि ते कुणी वाचत नाही.

वाचत नाही, कारण वाचायचे पैसे कुणी देत नाही. टायपिंगचा दर पानावर आहे, भाषांतराचाही पानावर. जितकी पानं जास्त तितकं बरं, आणि थांबून ‘साहेब, इथं कॉमा हवा की नको?’ असं विचारणाऱ्याचा तेवढा वेळ फुकट जातो. वकील संघटनेला आणि विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाला मनावर घ्यायचं असेल, तर मराठी कागद इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी महिन्या-दोन महिन्यांचा छोटा वर्ग चालवता येईल. त्यात फुलाची वाक्यं नकोत. पंचनामे, वाटणीपत्रं, सोसायटीचे ठराव घ्यावेत. पण वर्गानं अर्धंच काम होईल. टाइप झालेलं प्रत्येक पान मूळ मराठी कागदाशेजारी ठेवून दुसऱ्या माणसानं वाचायचं, याचा वेगळा दर ठरला पाहिजे, आणि तो पक्षकाराच्या बिलात टायपिंगखाली स्वतंत्र ओळीत लिहिलेला दिसला पाहिजे.